एक्स्टेंडेड आणि एक्स्पांडेड: डॉसच्या काळातील दोन मेमऱ्या

डॉस या जुन्या पीसींवरील ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळातील प्रोग्रॅमच्या माहितीपुस्तिकांत ‘एक्स्टेंडेड मेमरी’ आणि ‘एक्स्पांडेड मेमरी’ हे शब्द शेजारीशेजारी छापलेले असत आणि ४ एमबीचे मशीन बाळगणाऱ्यालाही त्यांतली आपल्याकडे कोणती आहे हे चटकन सांगता येत नसे. मराठीत तर दोन्हींना ‘विस्तारित’च म्हणावे लागेल, म्हणून येथे मूळ शब्दच ठेवले आहेत. दोहोंतला फरक किती मेमरी आहे याचा नसून, त्या मेमरीला स्वतःचा पत्ता आहे की नाही याचा आहे.

१९८१ च्या आयबीएम पीसीतील इंटेल ८०८८ प्रोसेसरला २० ॲड्रेस लाइन्स (मेमरीतील पत्ता सांगणाऱ्या तारा) होत्या, त्यामुळे १ एमबीच्या पलीकडे त्याची नजर पोहोचतच नसे. त्या १ एमबीतील वरचे ३८४ केबी पडद्याची मेमरी, बायॉस (मशीन सुरू करणारा अंगभूत प्रोग्रॅम) आणि जोडकार्डे यांच्यासाठी राखलेले होते. डॉस व त्यावरचे प्रोग्रॅम यांना खालच्या ६४० केबीत भागवावे लागे. या मर्यादेचे खापर नेहमी डॉसवर फोडले जाते, पण ही वाटणी मुळात आयबीएमने आखलेली होती.

लोटस कंपनीचा लोटस १-२-३ हा हिशेबाच्या तक्त्यांचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांची स्प्रेडशीट या ६४० केबीत मावेनाशी झाली, तेव्हा १९८५ मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून एक्स्पांडेड मेमरीचे प्रमाण (स्टँडर्ड) ठरवले. यातील जादा मेमरी वेगळ्या कार्डावर असे आणि तिला प्रोसेसरच्या लेखी कायमचा पत्ता नसे. राखीव ३८४ केबीतच ६४ केबीची एक चौकट मोकळी ठेवायची आणि कार्डावरील १६ केबीची चार पाने तिच्यात आळीपाळीने दाखवायची, अशी ही योजना होती. साडीच्या दुकानात गादीवर एका वेळी चारच गठ्ठे उलगडलेले असावेत आणि पाचवा हवा असेल तर आधीचा एक गुंडाळून ठेवावा, तसाच हा व्यवहार. पहिल्या प्रमाणात ८ एमबीपर्यंत, म्हणजे ५१२ पाने ठेवता येत. १९८७ च्या चौथ्या आवृत्तीत ही मर्यादा ३२ एमबी झाली. पाने बदलण्याची दगदग प्रोग्रॅमलाच करावी लागे, मात्र जुन्या ८०८८ वरही हे सारे चालत असे, आणि हेच तिचे खरे बळ होते.

एक्स्टेंडेड मेमरी मात्र १ एमबीच्या वर सरळ रांगेत, स्वतःच्या पत्त्यांसह असते. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीमधील ८०२८६ ला २४ ॲड्रेस लाइन्स असल्याने तो १६ एमबीपर्यंत पोहोचे. अडचण अशी की त्यासाठी प्रोटेक्टेड मोड या प्रोसेसरच्या नव्या कार्यपद्धतीत जावे लागे आणि डॉस तर रिअल मोडमध्येच, म्हणजे ८०८८ सारख्या जुन्या पद्धतीतच, चालत असे. शिवाय ८०२८६ ला प्रोटेक्टेड मोडमधून परत फिरण्याची सोयच दिलेली नव्हती, त्यामुळे एटीमध्ये कीबोर्डच्या कंट्रोलरकरवी प्रोसेसर रीसेट करून त्याला मागे आणले जाई. हा द्राविडी प्राणायाम पाहता, बराच काळ ही मेमरी रॅम डिस्क (मेमरीतच थाटलेली डिस्क) आणि डिस्क कॅश (डिस्कवरील माहितीचा तात्पुरता साठा) यांच्यापुरतीच उरली यात नवल नाही. पुढे हायमेम या ड्रायव्हरने (डॉसला जोडल्या जाणाऱ्या साहाय्यक प्रोग्रॅमने) तिच्या वाटपाला शिस्त लावली. १ एमबीच्या वरचे पहिले ६५,५२० बाइट रिअल मोडमधूनही गाठता येतात. १९९१ च्या डॉस ५ ने स्वतःचा काही भाग तेथे हलवून खाली जागा मोकळी केली.

खरा गोंधळ ८०२८६ नंतरचा ३८६ प्रोसेसर आल्यावर वाढला, कारण त्या मशीनवरची जादा मेमरी सहसा सगळी एक्स्टेंडेडच असे, आणि एक्स्पांडेड मागणारा प्रोग्रॅम तीन एमबी रिकामे पडलेले असतानाही मेमरी नसल्याची तक्रार करी. ईएमएम३८६ हा ड्रायव्हर ३८६ च्या व्हर्च्युअल ८०८६ मोडचा (प्रोटेक्टेड मोडमध्येच रिअल मोडचा आभास देणाऱ्या सोयीचा) आधार घेऊन एक्स्टेंडेड मेमरीलाच एक्स्पांडेडचे सोंग देत असे. तो हायमेमवर अवलंबून असल्याने कॉन्फिग फाइलमध्ये (डॉस सुरू होताना वाचत असलेल्या सूचनांच्या फाइलमध्ये) हायमेमची ओळ त्याच्या आधी लिहावी लागे. त्याच्या ओळीत शेवटी ‘रॅम’ लिहिल्यास एक्स्पांडेड मेमरी मिळे, पण तिच्या चौकटीपायी वरच्या राखीव ३८४ केबीतले ६४ केबी जात. ‘नोईएमएस’ लिहिल्यास तेच ६४ केबी माउस किंवा सीडीचे ड्रायव्हर खालच्या ६४० केबीतून वर चढवण्यासाठी हाती राहत. म्हणून एक्स्पांडेड मागणारा खेळ आणि खालच्या ६४० केबीत भरपूर मोकळी जागा मागणारा खेळ, असे दोन्ही खेळणारे लोक कॉन्फिग फाइलच्या दोन प्रती बाळगत.