सील शाबूत, माल गायब : कंटेनरच्या दाराची पार्श्वभूमी

कंटेनर परदेशी गोदामात पोचतो. सीलचा नंबर कागदाशी जुळतो, सीलवर ओरखडासुद्धा नसतो. कटरने सील तोडून दार उघडलं जातं आणि आत खोकी कमी भरतात. अशा वेळी पहिला संशय ट्रेलरच्या ड्रायव्हरवर जातो आणि दुसरा माल पाठवणाऱ्यावर. माल भरणं, रचणं आणि मोजणं हे पाठवणाऱ्यानेच केलं आहे, असं बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल मिळाल्याबद्दल जहाज कंपनी देते त्या कागदावर, बहुधा आधीच लिहिलेलं असतं. सील शाबूत म्हटल्यावर जहाज कंपनी त्या ओळीवर बोट ठेवते आणि 'भरतानाच कमी भरला असेल' इथे विषय मिटतो. भिवंडीच्या कापडवाल्याला किंवा सांगलीच्या बेदाणेवाल्याला यावर उत्तर देणं अवघड जातं, कारण आपण वाद सीलवर घालत राहतो. सील ज्या लोखंडात अडकवलेलं असतं, त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही.

दाराच्या दोन फळ्या, प्रत्येक फळीवर दोन उभे रॉड आणि रॉड फिरवायला हँडल, ही रचना बंदरावर वावरणाऱ्यांना सांगायला नको. हे रॉड मुळात अमेरिकेतल्या ट्रकच्या ट्रेलरांवरून कंटेनरवर आले. १९५६ साली ५८ पेट्या, म्हणजे कंटेनर, घेऊन जहाज न्यूआर्कहून ह्यूस्टनला गेलं, तेव्हा समुद्रावर काय चढवलं गेलं होतं? चाकं काढलेला ट्रेलरच. मात्र रस्त्यावर जे दार फक्त बंद राहिलं तरी भागत होतं, त्याला समुद्रावर आणखी एक काम करावं लागलं. जहाज डोलतं, वरच्या पेट्यांचं वजन एका बाजूला झुकतं आणि चौकट तिरकी व्हायला लागते. पेटीच्या बंद टोकाला पत्रा तिला धरून ठेवतो. दाराच्या टोकाला तसं काही नाही. तिथे रॉडच्या दोन्ही टोकांचे कॅम, म्हणजे आकड्यासारखे तुकडे, चौकटीवरच्या वरच्या आणि खालच्या खोबणीत, कीपरमध्ये, घट्ट बसतात आणि दार चौकटीचाच भाग होऊन जातं. चाचणीत चौकटीला आडवा १५० किलोन्यूटन जोर देतात आणि कर्णांच्या लांबीत पडलेला एकूण फरक ६० मिलिमीटरच्या आत असावा लागतो. कॅमचा दुसरा उपयोग उघडबंद करताना दिसतो. बंद करताना तो दाराच्या कडेची रबरी पट्टी, गास्केट, दाबून पाणी बाहेर ठेवतो, उघडताना चिकटलेलं दार उचकटून देतो. म्हणूनच हँडल इतकं लांब ठेवलेलं असतं.

या यंत्रणेत चोरीचा विचार नंतर आला, आणि तो कस्टम्सकडून आला. एका देशात बंद केलेली पेटी मधले देश न उघडता ओलांडत असेल, तर ती उघडली गेली की नाही हे बाहेरून कळायला हवं. १९५६ आणि पुढे १९७२ च्या कंटेनरविषयक कस्टम्स करारांचा भर यावरच आहे. मागे खूण राहिल्याशिवाय आत शिरता येऊ नये, आणि बिजागरी, कीपर, हँडल वगैरे जोडकाम बाहेरून गुपचूप सुटेल असं नसावं. म्हणून नटबोल्टऐवजी रिवेट, म्हणजे ठोकून बसवलेली आणि फिरवून न निघणारी पिन, किंवा वेल्डिंग आलं. उजवी फळी डाव्या फळीवर चढते ती पट्टीही यासाठीच असते. उजवीकडे सील असलं की डावीकडे वेगळं लावावं लागत नाही.

करार 'खूण' मागत होता, 'ताकद' मागत नव्हता. पुढचा सगळा घोळ इथून सुरू होतो, आणि आपल्याकडे त्यात एका शब्दाने भर घातली आहे. कस्टम्सच्या कागदांत आणि सीएफएसच्या, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामाच्या, गेटवर सीलला 'वन टाइम लॉक', थोडक्यात 'ओटीएल' म्हणतात. ड्रायव्हर त्यालाच 'बॉटल सील' म्हणतो. एकाच वस्तूला एक जण लॉक म्हणतो, दुसरा सील म्हणतो, आणि दोघांनाही एकच अर्थ अभिप्रेत असतो : आता दार उघडणार नाही.

मराठीत हे दोन अर्थ कधी एक नव्हते. वाड्याच्या दाराला आगळ असते. ती भिंतीच्या खोबणीत सरकते आणि दार अडवते, तिचं काम ताकदीचं. शिवकालीन पत्राच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' अशी मोर्तब असते. ती कुणाला अडवत नाही. पत्र इथे संपलं, यापुढची एकही ओळ आमची नाही, एवढंच ती सांगते. शिसं आणि तार चिमट्याने दाबून रेल्वेच्या वाघिणींना सील लावायचे, ती मोर्तबच होती. कंटेनरवर अनेक वर्षं वापरली गेलेली पत्र्याची पातळ पट्टीही मोर्तबच. साध्या पकडीने ती तुटायची आणि तुटली की लगेच दिसायची. तिने आपलं काम नीट केलं. कॅम, कीपर आणि रॉड मिळून आगळ होते, आणि सील ही त्या आगळीवरची मोर्तब. 'ओटीएल' या शब्दाने मोर्तबेलाच आगळ करून टाकलं. नाव बदललं तशी अपेक्षा बदलली आणि पैसाही तिकडेच वळला, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे फक्त आपल्याकडे घडलं असं नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेला प्रत्येक पेटीत बॉम्बची शक्यता दिसू लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथे व्यापाऱ्यांना सुरक्षेत सहभागी करून घेणारी योजना सुरू झाली. २००३ मध्ये सीलसाठी १७७१२ क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय दस्तऐवज निघाला, २०१० मध्ये तो पूर्ण मानक झाला आणि २०१३ मध्ये सुधारला. त्यात सीलचे तीन वर्ग आहेत : फक्त खूण दाखवणारं, मध्यम आणि उच्च सुरक्षेचं. उच्च सुरक्षेच्या सीलवर 'एच' अक्षर असतं आणि त्याने १० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १ टनाची ओढ सहन करायची असते. मधल्या वर्गाला २.२७ किलोन्यूटन पुरते. १५ ऑक्टोबर २००८ पासून अमेरिकेला जाणाऱ्या प्रत्येक भरलेल्या कंटेनरला या मानकाचं सील सक्तीचं झालं. हातभर लांबीचा बोल्टकटर लागेल असा सीलचा जाड खिळा जगभर दारांवर सर्रास दिसू लागला, तो तेव्हापासून.

माझ्या मते गोची या निर्णयातच आहे. मानक सीलची परीक्षा घेतं. सील ज्या हँडलच्या भोकात अडकतं, ते हँडल रॉडला ज्या रिवेटने जोडलेलं असतं, तो रिवेट आणि मागची कडी यांची परीक्षा ते घेत नाही. १ टन ओढीचा खिळा, आणि त्याचा सगळा भार एका बोटाएवढ्या रिवेटवर. रिवेट काढला की हँडल सीलसकट जागेवर राहतं, रॉड मात्र मोकळा फिरतो. काम उरकल्यावर तिथे तसाच दिसणारा बोल्ट बसवून रंगाचा हात मारला की नंबर जुळतो आणि सील शाबूत राहतं. रक्तचंदनाच्या तस्करीत जाहीर केलेला माल वाटेतच बदलला गेल्याची प्रकरणं आपल्याकडे उघड झाली आहेत, ती याच फटीतून.

मानक सीलपुरतंच का ठेवलं गेलं, याचं कारण समजतं. सील एका खेपेचं असतं, त्यामुळे नियम केला की पुढच्या खेपेला बदल दिसतो. पेटी दहा-बारा वर्षं किंवा त्याहून जास्त फिरते. तिचा मालक वेगळा, भाड्याने घेणारा वेगळा, माल भरणारा तिसराच. जगभरच्या पेट्यांची हँडलं बदलायची तर खर्च कुणी करायचा? ज्याचा माल जातो, त्याच्या हातात सील असतं, पेटी नसते. सोय पाहिली तर निर्णय बरोबरच वाटतो. पण तो घेतल्यावर 'एच' सील म्हणजे सुरक्षित दार असं सांगितलं गेलं, ते बरोबर नव्हतं.

भारतात २०१७ ला हीच वाट पुन्हा चालली गेली. वस्तू आणि सेवा कर आला, कारखान्यात अधिकाऱ्यासमोर कंटेनर बंद करण्याची पद्धत मागे पडली आणि वर्षाच्या शेवटी निर्यातदाराने स्वतः इलेक्ट्रॉनिक सील लावायची पद्धत सक्तीची झाली. या सीललाही १७७१२ च्या 'एच' वर्गात बसावं लागतं, शिवाय आत रेडिओ लहरींवर वाचली जाणारी चिप असते. अधिकाऱ्याची वाट पाहत कारखान्याच्या दारात ट्रेलर तासन्‌तास उभे राहायचे, ते थांबलं. ही सोय मोठी आहे. पण चिपला कळतं ते सीलचं. रिवेट गेला तर सीलला काहीच झालेलं नसतं, आणि न्हावा-शेव्याच्या गेटवर रीडर 'ठीक' दाखवतो.

लोखंडातही सुधारणा झाली, पण हळूहळू. दोन-अडीच दशकांत बांधलेल्या बऱ्याच पेट्यांवर उजव्या फळीच्या रॉडखाली, कॅम आणि कीपर भेटतात तिथेच, सीलसाठी आरपार भोक दिलेलं असतं. सील तिथे लावलं की कॅमच अडकतो आणि हँडल सोडवूनही काही साधत नाही. मोर्तब शेवटी आगळीवर बसली. अडचण सवयीची आहे. सील डोळ्यांसमोर, हँडलला लावायची पद्धत चालत आलेली. खालच्या भोकाला वाकावं लागतं, तिथे चिखल उडतो. त्यामुळे भोक असूनही सील वर लावलेल्या पेट्या दिसतात.

तोवर खरा आधार देखभालीचा आणि नजरेचा. कोकणच्या खाऱ्या दमट हवेत बिजागरीची पिन आणि रॉडचे ब्रॅकेट आधी गंजून आखडतात. रॉड ज्यात फिरतो ती आतली नायलॉनची बुश झिजली की रॉड हेलकावतो आणि कॅम कीपरमध्ये पूर्ण उतरत नाही. मग हँडल जोराने ओढलं जातं, नाहीतर फोर्कलिफ्टने दाबलं जातं आणि ताण जातो तो त्या रिवेटवर. पावसाळ्याआधी पिनांना ग्रीस आणि वेळेवर नवी बुश, एवढं केलं तरी निम्मी मोडतोड टळेल. गास्केट तपासायला माणूस आत उभा करून दार लावतात आणि कुठून उजेड येतो ते पाहतात. वाकलेला रॉड तापवून सरळ करण्यापेक्षा बदलावा, कारण वाकड्या रॉडची दोन टोकं एकाच वेळी बसत नाहीत.

माल भरण्यापूर्वी सात ठिकाणं तपासायची पद्धत अमेरिकी योजनेतून आली, दार त्यातलं एक. सीलपाशी चार कृती असतात : बघणं, नंबर जुळवणं, ओढणं, पिळणं. याच चार गोष्टी हँडलच्या रिवेटलाही कराव्यात. जुन्या गंजलेल्या हँडलवर एकच चकचकीत डोकं दिसलं, रिवेटच्या जागी षटकोनी नट दिसला, किंवा रंग आजूबाजूशी जुळत नसला, तर फोटो काढून ठेवावा आणि पेटी बदलून मागावी. कारखान्यातून निघताना रिवेटांचा जवळून काढलेला फोटो कागदपत्रांना जोडणारे निर्यातदार अजून थोडे आहेत. गेटवरच्या नोंदीत मात्र सीलच्या नंबरासाठी रकाना असतो, रिवेटसाठी नसतो.