कृतज्ञता आणि जीवनहेतू

आपल्याला लाभलेल्या हिताचा उगम निदान अंशतः तरी आपल्याबाहेर आहे हे ओळखणे आणि त्या ओळखीतून देणाऱ्याविषयी सद्‌भाव वाटणे, या मनोवृत्तीस कृतज्ञता म्हणतात. प्रस्तुत नोंदीत तिचा विचार एका मर्यादित अंगाने केला आहे : कृतज्ञतेतून माणसाला जगण्याचा हेतू सापडतो काय आणि तिच्यामुळे त्याच्या वागण्यात टिकाऊ बदल होतो काय. समारंभातील आभारप्रदर्शन येथे अभिप्रेत नाही.

संज्ञा व पूर्वेतिहास : ‘कृत’ म्हणजे केलेले आणि ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा. त्यामुळे मूळ संस्कृत शब्दात भावनेपेक्षा जाणिवेवर भर आहे. ‘कृतघ्न’ हा त्याचा विरुद्धार्थी शब्द याहून बोलका आहे. केलेले विसरणारा एवढाच त्याचा अर्थ नसून केलेल्याचा घात करणारा असा आहे. पाली वाङ्मयात ‘कतञ्ञू’ आणि ‘कतवेदी’ हे शब्द बहुधा जोडीने येतात. केलेले जाणणारा आणि ते जाणून तसे दाखवून देणारा, असा भेद त्यांत सामान्यतः केला जातो. आधी होऊन उपकार करणारा आणि असा कतञ्ञू-कतवेदी, ही दोन माणसे जगात दुर्मिळ होत, असे अंगुत्तर निकाय या पाली बौद्ध ग्रंथात म्हटले आहे. वाल्मीकी रामायणाच्या आरंभी आदर्श पुरुषाच्या गुणांत ‘कृतज्ञ’ हे विशेषण येते; मात्र बालकांडाचा बराच भाग उत्तरकालीन मानला जात असल्याने केवळ त्या उल्लेखावरून शब्दाचे वय ठरविणे धाडसाचे होईल. किष्किंधाकांडातील प्रसंग अधिक उपयोगी आहे. राज्य मिळाल्यावर सुखात रमलेल्या सुग्रीवाला लक्ष्मण बजावतो, की इतर महापातक्यांना प्रायश्चित्त आहे, कृतघ्नाला नाही. या श्लोकाच्या पहिल्या चरणात ‘गोघ्ने’ (गाय मारणारा) आणि ‘ब्रह्मघ्ने’ (ब्राह्मणाची हत्या करणारा) असा पाठभेद आढळतो, पण ‘कृतघ्ने नास्ति निष्कृतिः’ हा चरण दोन्हीकडे कायम आहे. येथे सुग्रीवाकडून गोड शब्दांची अपेक्षा नाही, सीतेच्या शोधकार्याची आहे. कृतज्ञतेची कसोटी पुढे हाती घेतलेल्या कामात पाहण्याची ही दृष्टी आधुनिक चर्चेच्या दृष्टीने लक्षणीय ठरते.

ऋणकल्पनेशी संबंध : कृतज्ञतेचे मूळ वैदिक ऋणकल्पनेत शोधण्याचा प्रघात आहे. जन्मास येणारा ब्राह्मण तीन ऋणे घेऊनच येतो. ती ब्रह्मचर्याने ऋषींची, यज्ञाने देवांची आणि प्रजेने (संततीने) पितरांची फेडावयाची, असे तैत्तिरीय संहितेत सांगितले आहे. शतपथ ब्राह्मणात त्यांत मनुष्यांच्या ऋणाची भर पडून संख्या चार होते. ही वाढ कशामुळे झाली याविषयी एकवाक्यता नाही. फ्रेंच अभ्यासक शार्ल मालामूद यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, या ग्रंथांत कर्ज कधी आणि कसे काढले याची कथाच नाही. माणूस असणे हेच ऋणी असणे होय. उलट पॅट्रिक ऑलिव्हेल यांनी आश्रमव्यवस्थेच्या विवेचनात, संन्यासाला विरोध करणाऱ्यांनी या कल्पनेचा युक्तिवादासारखा कसा उपयोग केला याकडे लक्ष वेधले आहे. दोन्ही मते परस्परांना छेदतातच असे नाही. तथापि प्रस्तुत विषयापुरते पहिले मत अधिक फलदायी दिसते, कारण ज्याला निश्चित आरंभ नाही ते देणे एकदाचे चुकते करून मोकळे होता येत नाही, ते आयुष्याला दिशा देत राहते. तरीही ऋण म्हणजे कृतज्ञता नव्हे. अथर्ववेदातील एका सूक्तात या लोकी, परलोकी आणि तिसऱ्या लोकीही आम्ही ‘अनृण’ (ऋणमुक्त) असावे अशी प्रार्थना आहे, म्हणजे तेथे ओढ सुटण्याकडे आहे. मराठीत मात्र ‘उतराई होणे’ या प्रयोगाच्या शेजारीच ‘ऋणात राहणे पसंत करतो’ हे वाक्यही रूढ झाले आहे. ते आता साचेबंद झाले असले, तरी फेडून मोकळे होण्याची इच्छा आणि संबंध राखण्याची इच्छा यांतील फरक त्याने नेमका पकडला आहे.

पाश्चात्त्य विचार : हाच भेद रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने उपकारविषयक सात भागांच्या ग्रंथात केला. हा ग्रंथ इ.स. पहिल्या शतकाच्या मध्यानंतर, बहुधा इ.स. ५६ ते ६४ या काळात, लिहिला गेला असावा. उपकार फेडण्याची घाई करणाऱ्याचे मन कृतज्ञाचे नसून कर्जदाराचे असते, असे तो म्हणतो. सिसेरोने इ.स.पू. ५४ मधील एका बचावाच्या भाषणात कृतज्ञतेला सर्व सद्‌गुणांची जननी म्हटले. त्यातील वकिली आवेश वजा करूनच ते वाचावे. ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल याने रंगविलेला थोर मनाचा पुरुष उपकार घेताना संकोचतो. ॲडम स्मिथ (१७५९) आणि कांट (१७९७) यांनी अनुक्रमे भावना आणि कर्तव्य या अंगांनी तिचा विचार केला. समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल याने १९०८ मध्ये तिला मानवजातीची नैतिक स्मृती म्हटले.

मानसशास्त्रीय संशोधन : मायकेल मकलॉ व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये कृतज्ञतेची तीन कार्ये मांडली : कोणी आपले हित केले हे ती दर्शविते, प्रत्युपकारास प्रवृत्त करते आणि व्यक्त झाल्यास देणाऱ्याचे वर्तन दृढ करते. २००३ मध्ये रॉबर्ट एमन्स आणि मकलॉ यांनी प्रसिद्ध केलेले प्रयोग या क्षेत्राचा पाया मानले जातात. पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांचे तीन गट करून दहा आठवडे दर आठवड्याला पाचपर्यंत नोंदी करावयास सांगितले : एकाने कृतज्ञता वाटणाऱ्या गोष्टी, दुसऱ्याने त्रास, तिसऱ्याने केवळ घडलेल्या घटना लिहिल्या. पहिला गट एकंदर आयुष्याविषयी अधिक समाधानी आढळला. मात्र या प्रयोगमालिकेतील बरेच फरक त्रास लिहिणाऱ्या गटाशी तुलना केल्यावरच ठळक होतात, हे लोकप्रिय लेखनात सहसा सांगितले जात नाही. त्रास मोजायला लावल्याने एक गट खाली गेला, की कृतज्ञतेमुळे दुसरा वर आला, हा प्रश्न त्यामुळे उरतोच.

हेतूशी संबंध : विल्यम डेमन व सहकाऱ्यांच्या २००३ मधील व्याख्येनुसार जीवनहेतू म्हणजे स्वतःला अर्थपूर्ण वाटणारे आणि स्वतःपलीकडच्या जगालाही उपयोगी पडणारे काही साध्य करण्याचा स्थिर व व्यापक मनोदय. व्याख्येचा उत्तरार्ध कृतज्ञतेशी जुळतो. उपकारकर्त्यालाच परत देऊन व्यवहार संपला तर हेतू निर्माण होत नाही. देणे तिसऱ्याकडे वळले की होण्याची शक्यता असते. मोनिका बार्टलेट आणि डेव्हिड डेस्टेनो यांनी २००६ मध्ये या वळणाचीच परीक्षा केली. संगणकावरचे कंटाळवाणे काम संपत आले असतानाच पडदा बंद पडतो. शेजारी बसलेली, प्रत्यक्षात प्रयोगकर्त्यांना सामील असलेली व्यक्ती थांबते, तारा तपासते आणि संगणक पुन्हा सुरू होतो; सारे काम पुन्हा करण्याची वेळ टळते. थोड्या वेळाने मदतीची विनंती झाली, तेव्हा अशा सहभागींनी अधिक वेळ दिला, आणि विनंती करणारा सर्वस्वी अनोळखी असतानाही दिला. पण ही भावना कोणामुळे उत्पन्न झाली याची आठवण करून देताच अनोळखी माणसाला मिळणारा लाभ नाहीसा झाला. तेव्हा कृतज्ञता आपोआप व्यापक होते असे मानता येत नाही. तिला जाणीवपूर्वक वळवावे लागते.

टिकाऊ बदल : मार्टिन सेलिग्मन व सहकाऱ्यांच्या २००५ मधील अभ्यासात, ज्याचे आभार नीट मानायचे राहून गेले अशा व्यक्तीस पत्र लिहून ते स्वतः जाऊन देणाऱ्यांच्या समाधानात मोठी वाढ झाली, पण ती महिनाभरच टिकली. रोज रात्री दिवसातील तीन चांगल्या गोष्टी व त्यांची कारणे लिहिणाऱ्यांत ती सावकाश वाढून सहा महिने राहिली, आणि आठवडा संपल्यावरही जे आपणहून लिहीत राहिले त्यांना लाभ अधिक झाला. रोज लिहिणेच श्रेयस्कर असेही नाही : सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदाच नोंद करणाऱ्यांना लाभ झाला, तीनदा करणाऱ्यांना झाला नाही. सवयीने नोंद निर्जीव होते, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात येते. पुढील एकत्रित विश्लेषणांत (२०१६, २०२१) अशा उपक्रमांचे परिणाम एकंदरीत लहान आढळले. शिवाय बहुतेक अभ्यास काही आठवड्यांचे आहेत आणि समाधान मोजतात. व्यवसाय, नाती वा व्यसन यांतील बदल क्वचितच मोजतात.

जपानमधील नाइकान पद्धत या दृष्टीने वेगळी आहे. योशिमोतो इशिन (१९१६–८८) यांनी अन्न, पाणी व झोप वर्ज्य करणाऱ्या एका बौद्ध आत्मपरीक्षणविधीतील कठोर भाग वगळून ती सिद्ध केली. पुढे तुरुंगांतही तिचा वापर झाला. सहभागी व्यक्ती आठवडाभर पहाटेपासून रात्रीपर्यंत खोलीच्या कोपऱ्यात घडीच्या पडद्याआड बसते आणि सहसा आईपासून सुरुवात करून आयुष्याचा एकेक कालखंड तपासते. प्रश्न तीनच : या व्यक्तीकडून मला काय मिळाले, मी तिला काय दिले, मी तिला कोणता त्रास दिला. मार्गदर्शक एकदोन तासांनी येतो, वाकून नमस्कार करतो, उत्तर ऐकतो आणि भाष्य न करता निघून जातो. तिने मला कोणता त्रास दिला, हा चौथा प्रश्न मुद्दामच विचारला जात नाही. तिसऱ्या प्रश्नामुळे येथे कृतज्ञतेला पश्चात्तापाची जोड मिळते, आणि बदलाची प्रेरणा बहुधा या जोडीतून येते. क्रिस्टिना आर्मेंटा व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या प्रतिमानातही आपुलकी, नम्रता व उन्नत भाव यांच्याबरोबर ऋणाची अस्वस्थता ही आत्मसुधारणेची एक वाट मानली आहे.

मर्यादा : ही अस्वस्थता उलटही फिरते. फिलिप वॉटकिन्स व सहकाऱ्यांना २००६ मध्ये असे आढळले, की देणाऱ्याची परतफेडीची अपेक्षा जसजशी वाढते, तसतशी घेणाऱ्याची ऋणभावना वाढते आणि कृतज्ञता घटते. चौथा प्रश्न वगळण्यावरील आक्षेपही याच स्वरूपाचा आहे : जेथे घेणारा देणाऱ्याच्या सत्तेखाली असतो, तेथे वसूल केलेली कृतज्ञता त्याला अन्यायी नात्यात अडकवून ठेवू शकते, आणि कृतज्ञता मोजणाऱ्या प्रश्नावलीच्या मोजपट्टीवर तिचे गुण खऱ्या कृतज्ञतेइतकेच भरू शकतात.