बास्केटबॉलचे जुने बूट आणि ‘आराम’ नावाची अफवा

साताऱ्यात पोवई नाक्यावर बूट घेताना एक वाक्य हमखास कानावर येतं: “अहो, बास्केटबॉलवाल्यांचे बूट आहेत, पाय दुखायचं नावच नाही!”

खेळाडूंचे होते हे खरं, पण कधीच्या काळचे? कॉन्व्हर्स ऑल स्टार १९१७ चा: कापड आणि सपाट रबरी तळ, बस्स. नाइकीचा एअर फोर्स १ आला १९८२ मध्ये, त्यांचाच एअर जॉर्डन १ आला १९८५ मध्ये. जॉर्डन १ मध्ये हवेची गादी आहे खरी, पण ती फक्त टाचेखाली, तीही पातळ. पुढच्या पंजाला तिचा काही उपयोग नाही. आजचे खेळाडू सामन्यात यापेक्षा फार वेगळे बूट घालतात. जुने डिझाइन आता मिरवायला उरलंय. आणि मिरवायला ते झकासच दिसतं, माझ्याकडेही एक जोड आहे.

“घालून घालून मऊ होतील” हेही अर्धसत्यच. चामडं रुंदीला थोडं सैलावतं. लांबी वाढत नाही आणि रबरी तळ तर कडकच राहतो. अंगठा पहिल्या दिवशी टेकला, तर महिन्यानेही टेकणारच.

राजवाड्यावर संध्याकाळी भेळ खायला जायचं असेल तर खुशाल घ्या. अजिंक्यतारा चढायचा किंवा यवतेश्वरच्या घाटात पळायचं असेल, तर पळण्याचे वेगळे बूट घ्या. माप संध्याकाळीच द्या, दिवसभरात पाय थोडा सुजतो. मोजे नेहमीचेच घाला, आणि दुकानात बसून न राहता चार फेऱ्या मारा. दुकानदार वैतागला तरी चालेल.