बायकोसाठी कॅमेरा घेताय? मेगापिक्सेल मोजू नका

"मेगापिक्सेल जितके जास्त, तितका फोटो चांगला." कितीतरी वर्षं दुकानाच्या काउंटरवर हे ऐकू येतंय आणि ते खरं नाही. बायकोला किंवा नवऱ्याला हौसेने कॅमेरा भेट देताना याच समजुतीपायी पैसे भलत्याच ठिकाणी जातात, म्हणून हा खुलासा.

१ मेगापिक्सेल म्हणजे १० लाख ठिपके. अल्बममधल्या ४ बाय ६ इंची प्रिंटला इंचाला ३०० ठिपके धरले तरी १२०० गुणिले १८००, म्हणजे साधारण २२ लाखच लागतात. भिंतीवर लावायच्या ए-फोर प्रिंटला ९ मेगापिक्सेल पुरतात.

खरा फरक पाडतो सेन्सरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चिपचा, आकार. खिशात मावणाऱ्या साध्या कॅमेऱ्याचा सेन्सर बहुधा करंगळीच्या नखापेक्षाही लहान, जेमतेम ६ बाय ४.५ मिलिमीटर. फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याचा ३६ बाय २४, म्हणजे क्षेत्रफळाने तीसपट. समईच्या उजेडात आरतीचा फोटो काढून बघा. छोट्या सेन्सरवर देवाच्या मागच्या सावलीत रंगीत रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. सोनीने २०१४ साली आणलेला ए-सेव्हन-एस हा फुल फ्रेम कॅमेरा फक्त १२ मेगापिक्सेलचा होता आणि कमी उजेडातल्या चित्रणासाठीच नावाजला गेला.

शक्य असेल तर तिला दुकानात घेऊन जा. सरप्राइज राहणार नाही, चालेल. पकड बसते का, अंगठा बटणांपर्यंत पोचतो का, गळ्यात अडकवून दिवसभर फिरवेल का, हे तिच्याच हातात कळतं. मेगापिक्सेलवर वाचलेल्या पैशांत १.८ अपर्चरची, म्हणजे मोठ्या छिद्रातून जास्त उजेड आत घेणारी, एखादी प्राइम (झूम नसलेली) लेन्स घ्या.