क्लॅट : युक्तिवादाचे उतारे कसे सोडवायचे
(आमच्याकडे प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी)

क्लॅट म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा. पदवीसाठीच्या या परीक्षेत १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात. त्यांतले २२ ते २६ लॉजिकल रीझनिंगचे. बैठकव्यवस्था, क्रम वगैरे कोड्यांची रीत वेगळी. इथे फक्त युक्तिवादाच्या उताऱ्यांबद्दल.

लेखकाला शेवटी काय पटवून द्यायचं आहे, ते वाक्य आधी शोधा आणि प्रश्नपत्रिकेवरच त्याखाली रेघ मारा. ते अखेरच्या ओळीत असेलच असं नाही. ‘बट’, ‘येट’ यांच्या पुढचं वाक्य नीट तपासा. दुसऱ्याचं मत सांगून झाल्यावर लेखक बहुधा तिथूनच स्वतःचं मांडू लागतो.

मुलं हमखास अडकतात ती गृहीतकाच्या प्रश्नात, म्हणजे लेखकाने न सांगता काय धरून चाललंय ते ओळखण्यात. समजा युक्तिवाद असा आहे : ‘शहरात हेल्मेटसक्ती झाली. पुढच्या वर्षी डोक्याला मार लागलेले दुचाकीस्वार कमी झाले. म्हणजे सक्तीचा उपयोग झाला.’ पर्याय :

अ) आता सगळेच दुचाकीस्वार हेल्मेट घालतात.
ब) त्या वर्षी दुचाकींची वर्दळ फारशी घटली नव्हती.
क) सक्ती राज्यभर लागू करायला हवी.

प्रत्येक पर्याय उलटा करून बघा. ‘सगळे घालत नाहीत’ म्हटलं तरी युक्तिवाद टिकतो, कारण बरेच जण घालू लागले तरी पुरे. ‘वर्दळ खूपच घटली’ म्हटलं की तो कोसळतो. जखमी कमी होण्याचं दुसरंच कारण निघालं. म्हणून उत्तर ब. क हा निष्कर्षाच्याही पुढची उडी आहे. अ मोहात पाडतो, कारण तो विषयाला धरून आहे आणि ठाम आहे. ‘सगळे’, ‘कधीच नाही’, ‘फक्त’ असे शब्द दिसले, की उताऱ्यात तेवढा आधार आहे का ते परत जाऊन पाहा. स्वतःला हेल्मेटसक्ती पटते की नाही, याचा इथे काडीचाही संबंध नाही.

चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. चारांपैकी दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील, तर उरलेल्यांतला एक निवडाच : अशा आठ प्रश्नांत निम्मे बरोबर आले तरी चार मिळून एक जातो, तीन हाती राहतात. एकही पर्याय बाद होत नसेल तर प्रश्न सोडा आणि पुढे चला.

एका उताऱ्याला, प्रश्नांसकट, सहा-सात मिनिटं. उतारा संपला की लगेच ओएमआर उत्तरपत्रिकेवर गोळे भरा. सगळे शेवटी भरायला ठेवले, की सोडलेल्या प्रश्नापाशी एक ओळ सरकते आणि पुढची बरोबर उत्तरंही चुकीच्या क्रमांकावर जातात.