सुजलेल्या गुडघ्यातली अफू

कोल्हापुरातल्या तालमींत पहाटे हौद्यात उतरणाऱ्या पोरांपैकी कुणा ना कुणाचा गुडघा सुजलेला असतोच. सूज म्हणजे दुखणं, असं आपण धरून चालतो. पण त्या सुजेत धावून आलेल्या पांढऱ्या पेशी वेदना शमवणारं रसायनही सोबत आणतात, आणि ते अफूच्या जातीचं असतं.

ख्रिस्टोफ स्टाइन या जर्मन भूलतज्ज्ञाच्या गटाने १९९३ साली हे माणसातच तपासलं. गुडघ्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर सांध्यात नॅलॉक्सोन, म्हणजे अफूचा उतारा, टोचला. रुग्णांचं दुखणं वाढलं! सांध्यात शरीराची स्वतःची अफू काम करत होती, ती या औषधाने अडवली.

या अफूतले पहिले दोन रेणू १९७५ साली ॲबरडीनमध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना डुकराच्या मेंदूत सापडले. नाव एन्केफॅलिन, जेमतेम ५ अमिनो आम्लांची साखळी, दोघांत फरक फक्त शेवटच्या आम्लाचा. माणसाच्या टी-पेशीही (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) एन्केफॅलिन आणि मॉर्फिन ओळखतात, हे १९७९ साली दिसलं.

पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनाला, हा रेणू चिकटला, की आत ॲडेनिलिल सायक्लेज हे एन्झाइम मंदावतं. त्यामुळे सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू कमी तयार होतो आणि त्याच्यावर चालणारं प्रोटीन कायनेज-ए सुस्तावतं. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींत जंतू मारण्यासाठी सुपरऑक्साइड बनवणारं एन्झाइम असतं, एनएडीपीएच ऑक्सिडेज. त्याच्यावरचा एन्केफॅलिनचा परिणाम मात्र एकसारखा नाही; रेणूची मात्रा किती, पेशी आधीच चवताळलेली आहे की शांत, यावर तो बदलतो. म्हणूनच ‘व्यायाम करा, एन्डॉर्फिनने (शरीराच्या अफूतलाच आणखी एक रेणू) प्रतिकारशक्ती वाढेल’ असं सरसकट सांगणं मला पटत नाही. व्यायाम जरूर करावा, पण या रसायनांना एकच दिशा नसते.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. न्यूट्रोफिलच्या अंगावरच एन्केफॅलिन कापणाऱ्या दोन कात्र्या असतात. अमिनोपेप्टिडेज-एन पहिलं टायरोसिन उडवतं; ते गेलं की रेणू ग्राहीला धरूच शकत नाही. नेप्रिलायसिन तिसऱ्या आणि चौथ्या आम्लाच्या मधोमध घाव घालतं. मुलांच्या रक्तकर्करोगाच्या तपासणी अहवालात ‘सीडी १०’ लिहिलेलं असतं, ते हेच नेप्रिलायसिन. म्हणजे वेदनाशामक आणणाऱ्या आणि तो मोडणाऱ्या पेशी सुजेत शेजारी-शेजारीच असतात, आणि आराम किती वेळ टिकेल हे या दोघांच्या चढाओढीवर ठरतं.

यातली नेप्रिलायसिनची कात्री थोपवणारं औषध कोल्हापुरातल्या औषध दुकानांतही मिळतं. लहान मुलांच्या जुलाबावर डॉक्टर रेसकॅडोट्रिलची पुडी देतात. ते आतड्यातलं नेप्रिलायसिन अडवतं, एन्केफॅलिन जास्त वेळ टिकतं, आतड्याच्या पेशींतलं सायक्लिक एएमपी उतरतं आणि आतड्यात पाझरणारं पाणी कमी होतं. जलसंजीवनी मात्र सोबत हवीच.