आरपीजी समजावून सांगणारी माणसं

मोठी आरपीजी, म्हणजे खेळणाऱ्यानं एखाद्या पात्राची भूमिका घेऊन गोष्ट पुढे न्यायचा ‘रोल-प्लेइंग गेम’, बाजारात आली की परीक्षणांवरून वाद ठरलेला. प्रत फुकट मिळाली होती का, शेजारी जाहिरात कोणाची होती, दहापैकी नऊ गुण कशाच्या जोरावर दिले? हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण लिहिणारे एकीकडे आणि बनवणारे दुसरीकडे अशी वाटणी या प्रकारात पहिल्यापासून नव्हती. जपानमध्ये आरपीजी घरोघरी पोहोचवली ती साप्ताहिकात सदर लिहिणाऱ्या एका माणसानं, युजी होरी यांनी.

१९७४मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन बसायचं, गोष्ट बोलत बोलत रचायची. १९८१मध्ये त्याच कल्पनेवर बेतलेले ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ हे गेम अ‍ॅपल टू संगणकावर आले. ‘विझर्ड्री’त भुयाराचा नकाशा खेळणाऱ्यानंच चौकटीच्या कागदावर काढायचा. ज्यांना चिकाटी होती आणि संगणक परवडत होता, त्यांचा हा छंद.

युजी होरी हे वासेदा विद्यापीठातून बाहेर पडलेले मुक्त लेखक. एनिक्स कंपनीच्या प्रोग्रॅमिंग स्पर्धेत त्यांच्या टेनिसच्या गेमला बक्षीस मिळालं आणि १९८३मध्ये ते सान फ्रान्सिस्कोच्या अ‍ॅपल मेळ्याला गेले. बरोबर दुसरे विजेते कोइची नाकामुरा होते. तिथे ‘विझर्ड्री’शी त्यांची गाठ पडली. असा गेम फॅमिकॉमवर, म्हणजे निन्टेन्डो कंपनीच्या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर, शाळकरी मुलांच्या हातात आणायचा ही कल्पना पुढे दोघांनी मिळून तडीस नेली.

अडचण तंत्राची होतीच, पण त्याहून मोठी अडचण वेगळी होती. उड्या मारायच्या नाहीत, गोळ्या झाडायच्या नाहीत, नुसती वाक्यं वाचायची आणि यादीतून आज्ञा निवडायची, यात मजा काय हे दहा वर्षांच्या मुलाला सांगणार कोण? होरी तेव्हा मुलांच्या चित्रकथांच्या ‘शोनेन जंप’मध्ये लिहीत होते. या साप्ताहिकाचा खप ४० लाखांच्या घरात होता. १९८५मध्ये त्यात फॅमिकॉमवरचं सदर सुरू झालं आणि संपादक काझुहिको तोरिशिमा यांच्या देखरेखीखाली होरी त्यातून मुलांना नव्या गेमची ओळख करून देऊ लागले. ‘जंप’मध्येच गाजत असलेले चित्रकार अकिरा तोरियामा यांनी राक्षसांची चित्रं काढली. २७ मे १९८६ रोजी होरी आणि नाकामुरा यांचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला, तेव्हा आरपीजी म्हणजे काय हे वाचकांना याच पानांवरून कळत होतं.

आपल्याच गेमबद्दल आपल्याच सदरात लिहायचं, हा आजच्या निकषांवर हितसंबंधांचा उघड गुंता आहे. मला तो नजरेआड करायचा नाही. पण त्या सदरानं जे केलं तेच गेमनंही केलं, हे मला फार मोलाचं वाटतं. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ राजाच्या बंद दालनात सुरू होतो. पेट्या उघडायच्या, किल्ली घ्यायची, दार उघडायचं, मग जिना उतरायचा. एवढ्यात सगळ्या महत्त्वाच्या आज्ञा अंगवळणी पडतात. बाहेर पहिला शत्रू भेटतो तो स्लाइम नावाचा मऊ निळा राक्षस. दर आठवड्याला मुलांसाठी लिहिणाऱ्याचाच हा हात आहे. खेळ सेव्ह करायची सोय नव्हती, म्हणून पुढच्या वेळी तिथूनच सुरू करायला वीस अक्षरांचा मंत्र वहीत उतरवावा लागे आणि एक अक्षर चुकलं की सगळी मेहनत वाया. तरीही मुलं खेळली. १० फेब्रुवारी १९८८ला, बुधवारी, तिसरा भाग आला तेव्हा शाळा बुडवून रांगा लागल्या आणि पोलिसांनी शेकडो मुलांना ताब्यात घेतलं.

अमेरिकेत हाच पहिला भाग १९८९मध्ये ‘ड्रॅगन वॉरियर’ नावानं गेला आणि पडून राहिला. निन्टेन्डोनं मग ‘निन्टेन्डो पॉवर’ या स्वतःच्याच मासिकाच्या वर्गणीदारांना या गेमची कार्ट्रिज फुकट वाटली, सोबत मार्गदर्शक पुस्तिका. तिथल्याही अनेक मुलांच्या हातात पहिली आरपीजी आली ती अशी, मासिकातून.

उलट टोकाचं उदाहरण स्कॉर्पियाचं. ‘कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड’ या मासिकात या टोपणनावानं लिहिणाऱ्या समीक्षिकेनं ‘माइट अँड मॅजिक’ या आरपीजीच्या दुसऱ्या भागावर कडक टीका केली, तर तिसऱ्या भागात याच नावाचा राक्षस अवतरला. तिचं लेखन बनवणाऱ्यांना किती झोंबत होतं ते यावरून कळतं. आणि हीच स्कॉर्पिया वाचकांना कोडी सोडवायला मदतही करायची.

गुणांची प्रथा जपानमध्ये रुजवली ‘फामित्सु’ या गेमच्या नियतकालिकानं. जून १९८६मध्ये, ‘ड्रॅगन क्वेस्ट’नंतर लगेच, ते निघालं. चार परीक्षक, प्रत्येकी दहा गुण. ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या नवव्या आणि अकराव्या भागाला चाळीसपैकी चाळीस मिळाले. मला दोन्ही भाग आवडतात. पण साठ-सत्तर तास चालणारा गेम प्रकाशनाआधी घाईघाईत संपवून दिलेला आकडा मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. आरपीजी खेळणाऱ्याला हवं असतं ते, लढाई रटाळ होते का, कोणत्या गावात अडकायला होतं, गोष्ट कधी पकड घेते हे सांगणारं कोणीतरी. १९९५मध्ये गेमएफएक्यूज ही वेबसाइट सुरू झाल्यावर ते काम खेळणाऱ्यांनीच अंगावर घेतलं. नुसत्या अक्षरांत आखलेले नकाशे आणि प्रत्येक पेटीची नोंद असलेली लांबलचक मार्गदर्शनं लोकांनी फुकट लिहून ठेवली, आणि जुनी आरपीजी पहिल्यांदा खेळायला घेतली की मी अजून आधी तीच उघडते.